छोट्या विमानात बाळाला मांडीवर घ्यावे का?

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे टेक्सासमध्ये राहतो. माझ्या यजमानांकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि ते ज्या फ्लाइंग क्लबचे सभासद आहेत, त्या क्लबचे १९७० च्या दशकातले चार आसनी सेसना १७२ विमान ते चालवतात. सध्या सासूबाई पुण्याहून आल्या आहेत आणि त्यांना घेऊन समुद्रकिनारी जाण्याचे आमचे ठरते आहे. विमानाने सुमारे दोन तास लागतील. आम्ही तिघे मोठे, ४ वर्षांची मुलगी आणि १४ महिन्यांचा मुलगा. आसने चारच आहेत, पण दोन वर्षांखालचे मूल मांडीवर चालते असा नियम असल्याचे यजमान सांगतात. सासूबाईंनी मुंबईच्या विमानात बाळांना आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा दिलेला पाहिला आहे. तसा एक मिळवू, आणि नाहीच मिळाला तर आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती, असे त्या म्हणतात. मुलीसाठी गाडीतला बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, न्यावा की विमानातला पट्टा पुरेल, हेही ठरत नाही. मला भीती वाटते, पण ती रास्त आहे की उगाच, ते कळत नाही. घरात वाद नको आहे, तशी मुलांच्या बाबतीत चालढकलही नको आहे.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आणि ती तुम्ही वेळेवर लिहून कळवलीत हे फार बरे झाले. आधी थेट उत्तर देतो, कारणे मागाहून सांगतो. बाळाला या विमानातून कोणाच्याही मांडीवर नेऊ नका, मग ती मांडी तुमची असो, आजीची असो किंवा आणखी कोणाची. त्याच्यासाठी विमानात वापरण्यास प्रमाणित असलेली कार सीट हवी आणि ती स्वतंत्र आसनावर घट्ट बांधलेली हवी. मुलीसाठी बूस्टर चालणार नाही आणि नुसता कमरेचा पट्टाही पुरणार नाही. तिलाही हार्नेस, म्हणजे खांदे आणि कंबर जखडणारे पट्टे असलेली सीट लागेल. याचा सरळ अर्थ असा की चार आसनांच्या विमानातून तुम्हा पाच जणांना एकत्र जाता येणार नाही. तुमच्या घरातला खरा पेच हाच आहे, असे मला तुमचे पत्र वाचताना वाटले. मांडीचा विचार पुढे आला तो बाळाच्या सुरक्षेसाठी आला नाही. एक आसन कमी पडते म्हणून आला.

यजमान सांगतात तो नियम खरा आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांतील कलम ९१.१०७ नुसार विमान जमिनीवरून चालू लागल्यापासून, उड्डाणाच्या वेळी आणि उतरताना प्रत्येकाने आपापल्या आसनावर पट्टा लावून बसले पाहिजे, आणि खांद्याचा पट्टा बसवलेला असेल तर तोही लावला पाहिजे. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक दुसरा वाढदिवस न झालेल्या मुलाचा आहे. असे मूल आसनावर बसलेल्या मोठ्या माणसाने धरून ठेवले तरी कायद्याला पुरते. मात्र त्याच तरतुदीत पुढे असेही म्हटले आहे की धरलेल्या मुलाला बांधण्याचे कोणतेही साधन लावलेले नसावे. म्हणजे हा अपवाद ज्या प्रवासाला परवानगी देतो, त्यात बाळ केवळ हातांच्या भरवशावर असते.

कायदा एवढा सैल का राहिला, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण यजमानांशी बोलताना तो मुद्दा निघेलच. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए स्वतःच पालकांना आग्रहाने सांगते की बाळाला मांडीवर न घेता प्रमाणित सीटमध्ये बसवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २००१ मध्येच अशी सक्ती करण्याची शिफारस केली होती. तरीही २००५ मध्ये एफएएने सक्ती न करण्याचे ठरवले. त्यामागचा युक्तिवाद असा होता की बाळासाठी वेगळे तिकीट घ्यावे लागले तर अनेक कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा प्रवास प्रवासी विमानापेक्षा अधिक धोक्याचा असल्यामुळे एकंदरीत अधिक मुले दगावतील. हा युक्तिवाद प्रवासी कंपन्यांच्या मोठ्या विमानांसाठी मांडलेला आहे. तुमच्या क्लबच्या विमानात आसनागणिक तिकीट नाही, त्यामुळे त्यातली पैशाची बाजू तुम्हाला मुळीच लागू होत नाही. राहिली तुलना, तर लहान खासगी विमानांची सुरक्षितता प्रवासी कंपन्यांच्या विमानांच्या पंक्तीला बसत नाही, हे आम्ही उड्डाण शिकवणारे लोक पहिल्या धड्यापासून शिकाऊ वैमानिकांना सांगत असतो. ज्या कारणाने सवलत टिकून राहिली, ते कारण तुमच्या प्रवासात हजरच नाही.

आता हातांच्या ताकदीचा हिशेब पाहू. सेसना १७२ उतरताना ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगात असते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर. इंजिन बंद पडून शेतात उतरावे लागले आणि नांगरटीत किंवा बांधाला अडकून विमान ५ मीटरच्या अंतरात थांबले, तर त्यातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी नऊपट जोर येतो, आणि हे सारे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उरकते. जुन्या लहान विमानांची आसने आणि पट्टे पुढच्या दिशेने याच नऊपट जोराचा हिशेब धरून आखलेले आहेत, म्हणजे पट्ट्याने बांधलेला माणूस अशा उतरण्यातून वाचावा अशी अपेक्षा आहे. तुमचे बाळ ११ किलोचे धरले तर त्या क्षणी ते जवळपास १०० किलोचे होते, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची दोन पोती अचानक समोर खेचली जावीत तसे. अंतर ५ मीटरच्या जागी १० मीटर मिळाले, तरी ५० किलोचा जोर उरतोच. शिवाय धरणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे हात आणि धड त्याच वेळी पुढे फेकले जात असतात. माया कितीही असली आणि मिठी कितीही घट्ट असली, तरी हे हातांनी होण्याजोगे काम नाही. सासूबाईंना हे सांगताना त्यांच्या मायेवर शंका घेतली जाते आहे असे त्यांना वाटू देऊ नका. पंचविशीतल्या पैलवानाच्या मांडीविषयीही मी हेच लिहिले असते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील सानिकिलुआक या बेटावरच्या वस्तीत २२ डिसेंबर २०१२ रोजी विनिपेगहून आलेले फेअरचाइल्ड मेट्रो जातीचे एक लहान दोन इंजिनांचे विमान खराब हवामानात उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन कोसळले. विमानात दोन वैमानिक, सहा मोठे प्रवासी आणि आईच्या मांडीवर सहा महिन्यांचे एक बाळ होते. पट्टे लावलेले आठही जण वाचले. बाळ तेवढे गेले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये आपला अहवाल देताना शिफारस केली की बाळांना आणि लहान मुलांना त्यांच्या वयामानाच्या सीटमध्ये बांधणे व्यावसायिक उड्डाणांत बंधनकारक करावे. आईच्या धरण्यात कसूर होती असे कोणी म्हटले नाही, कारण तशी कसूर नव्हतीच. या घटनेविषयी मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगतो, कारण मोठे सारे वाचले आणि बाळ तेवढे गेले, यात मांडीचा प्रश्न जितका उघडा पडतो तितका दुसऱ्या कशात पडत नाही.

मोठ्या विमानांचा अनुभवही याहून निराळा नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले, तेव्हा मांडीवरच्या चार बाळांना त्या काळच्या सूचनेप्रमाणे विमानातल्या जमिनीवर पांघरुणांत ठेवायला आईवडिलांना सांगण्यात आले होते. त्यांपैकी एक बाळ वाचले नाही. ती सूचना ज्यांना द्यावी लागली, त्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी पुढची अनेक वर्षे हा नियम बदलावा म्हणून सरकारदरबारी खेटे घातले. १९९४ मध्ये शार्लट येथे झालेल्या अपघातातही आईच्या हातून नऊ महिन्यांचे बाळ निसटले.

आसनांपेक्षा माणसे अधिक, ही तुमच्या बेतातली दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. २२ मार्च २००९ रोजी मोंटाना राज्यातील ब्यूट येथे पिलाटस पीसी-१२ जातीचे एक खासगी विमान कोसळले. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांतली सात मुले धरून त्यात चौदा जण होते आणि तेवढी आसने त्यात नव्हती. अपघाताचे कारण इंधनात होते. बर्फ धरू नये म्हणून इंधनात मिसळायचे द्रव्य मिसळलेले नव्हते, आणि तो आघात इतका भीषण होता की पट्ट्यांनीही कोणी वाचले नसते. तरी तपास करणाऱ्या एनटीएसबीला, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला, असे आढळले की सातपैकी किमान चार मुले नीट बांधलेली नव्हती किंवा मुळीच बांधलेली नव्हती, आणि २०१० मध्ये तिने एफएएकडे शिफारस केली की खासगी उड्डाणांतही प्रत्येक व्यक्तीला, मग ती कितीही लहान असो, स्वतंत्र आसन आणि स्वतंत्र बंधन असलेच पाहिजे. तुमच्या यजमानांनी कलम ९१.१०७ वाचले आहे. ही शिफारसही त्यांनी वाचावी असे मला मनापासून वाटते.

आता सासूबाईंनी पाहिलेल्या छोट्या पट्ट्याविषयी. भारतातल्या आणि युरोपातल्या कंपन्या तो देतात हे खरे आहे; आईच्या पट्ट्यातून तो ओवला जातो आणि बाळाच्या पोटावर बांधला जातो. बाळ उडून छताला आपटू नये, एवढे काम तो करतो. पण विमान समोरून आदळले तर आईचे धड पुढे दुमडते आणि त्याचा सगळा भार तिच्या पुढ्यात जखडलेल्या बाळावर येतो, आणि पट्टा त्याच वेळी बाळाच्या पोटात रुततो. ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पुतळ्यांवर केलेल्या चाचण्यांत हेच दिसले. म्हणून अमेरिकेत जमिनीवर चालताना, उड्डाण करताना आणि उतरताना हा पट्टा वापरायला परवानगी नाही. बाळाला पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरिअर यांनाही हेच लागू होते. आणि आपल्याच पट्ट्यात बाळाला घेऊन दोघांभोवती एक पट्टा लावणे, हे तर कधीही, मोटारीतही, करू नये. त्यात बाळाचा अक्षरशः चेंदा होतो.

मग करायचे काय? मुलाची मोटारीतली सीट बाहेर काढून तिच्या बाजूला किंवा पाठीमागे चिकटवलेला मजकूर वाचा. ही सीट मोटारीत आणि विमानातही वापरण्यास प्रमाणित आहे, असे तांबड्या अक्षरांत छापलेले असले पाहिजे. हार्नेस असलेल्या बहुतेक अमेरिकी सीटवर हे वाक्य असते, पण ते आहे असे गृहीत धरू नका. १४ महिन्यांच्या मुलाला मागे तोंड करूनच बसवा. मोटारीत तुम्ही तसे बसवतच असाल, आणि विमानात त्याचे महत्त्व आणखी वाढते, कारण विमानात सीटचे डोके वरून ओढून धरणारा टेथर नसतो आणि खाली अडकवायचे लॅचचे हुकही नसतात. सगळी भिस्त आसनाच्या कमरेच्या पट्ट्यावर असते. पुढे तोंड केलेली सीट अशा वेळी वरच्या बाजूने बरीच पुढे झुकते. मागे तोंड केलेल्या सीटमध्ये मान, डोके आणि पाठ एकत्र आधारली जातात.

प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा सीट बांधायला घेऊ नका. आधीच्या एखाद्या मोकळ्या शनिवारी दोन्ही सीट घेऊन हँगरवर जा आणि तास दोन तास हाताशी ठेवा. १७२ चा मागचा बाक जेमतेम एक मीटर रुंद असतो. दोन रुंद सीट शेजारी शेजारी बसतीलच असे नाही, म्हणून टेप घेऊन मोजा. विमानाच्या पट्ट्याचे बकल मोटारीतल्यासारखे बाजूला राहत नाही. ते मोठे, चपटे, झडप उचलून उघडायचे असते आणि सीटच्या पाठीमागून पट्टा ओवला की नेमके बाळाच्या पाठीखाली, प्लास्टिकच्या खाचेत येऊन बसते. तिथे झडप पुरती उचलली जात नाही. मग पट्टा लावता येतो, ताणताही येतो, पण सोडताना बोटे आत शिरत नाहीत. असे झाले तर पट्ट्याच्या दोन बाजूंची लांबी बदलून किंवा सीट दुसऱ्या बाजूच्या आसनावर नेऊन बकल मोकळ्या जागी येते का ते पाहा. पट्टा आखूड पडला तर मोटारीच्या दुकानातला जोडपट्टा लावू नका. विमानाच्या पट्ट्यात जे काही बदलायचे ते परवानाधारक मेकॅनिकनेच, मान्यताप्राप्त भाग वापरून बदलले पाहिजे. सीट बांधून झाली की पट्टा जिथून जातो तिथे धरून जोराने हलवा. ती बोटभरापेक्षा जास्त सरकत असेल तर सीटमध्ये गुडघा रोवून पुन्हा ताणा.

सीट पुढच्या आसनावर, म्हणजे वैमानिकाच्या शेजारी, कधीही बांधू नका. १७२ मध्ये तिथेही योक, म्हणजे विमान वळवायचे सुकाणू, असते, आणि मागे तोंड केलेली सीट त्याच्या मागेपुढे होण्यात अडथळा आणते. चार वर्षांची मुलगी पुढे बसली तर तिचे पाय पेडलपर्यंत पोहोचत नसले तरी हात योकपर्यंत पोहोचतात. अलीकडच्या काही विमानांत पट्ट्यातच एअरबॅग असते, त्या आसनावरही मुलांची सीट बांधू नये. तुमच्या जुन्या विमानात ती बहुधा नसेल, पण क्लबने पट्टे बदलले असतील तर विचारून घ्या.

मुलाची सीट वैमानिकाच्या मागे न ठेवता उजव्या आसनाच्या मागे ठेवा. मागे तोंड केलेल्या सीटला जागा करून द्यायला पुढचे आसन सरकवावे लागते, आणि वैमानिकाच्या आसनाला धक्का लागून त्याची खीळ रुळाच्या भोकात पुरती न बसणे, हा सेसनात जीवघेणा प्रकार आहे. उड्डाण करतानाच आसन मागे घसरल्याने अपघात झाले आहेत आणि १९८७ मध्ये एफएएने या रुळांच्या नियमित तपासणीचा हुकूम काढला, २०११ मध्ये त्याची जागा नव्या हुकमाने घेतली. यजमानांना हे ठाऊक असेलच. बाळाच्या सीटने त्यांच्या आसनावर रेसभरही दाब येता कामा नये.

मुलीविषयी. चार वर्षांच्या मुलांना गाडीत बूस्टर मोठेपणाचा वाटतो, त्यामुळे ती रुसेल. पण बूस्टर ही केवळ उंच करणारी बैठक आहे, तिचा सारा उपयोग मोटारीतल्या खांद्याच्या पट्ट्यावर अवलंबून असतो. १२ डिसेंबर १९८६ पूर्वी बनलेल्या लहान विमानांत मागच्या आसनांना खांद्याचे पट्टे असण्याची सक्ती नव्हती, आणि १९७० च्या दशकातल्या १७२ मध्ये मागे बहुधा नुसते कमरेचे पट्टे असतात. बूस्टरवर कमरेचा पट्टा लावला तर तो मांड्यांवर न राहता पोटावर चढतो आणि डोके थेट समोरच्या आसनावर जाते. म्हणून विमानात जमिनीवर चालताना, चढताना आणि उतरताना बूस्टर चालत नाही. तिलाही पाच जागी जखडणारा हार्नेस असलेली, तांबड्या अक्षरांतला मजकूर असलेली, पुढे तोंड करायची सीट हवी. तिची पाठ आणि पुढचे आसन यांत जितके जास्त अंतर राहील तितके चांगले. आसनाच्या पाठीभोवती बांधायचा केअर्स नावाचा हार्नेस एफएएने मान्य केलेला आहे, आणि प्रवासी विमानांत तो फार सोयीचा असतो. पण तो १० ते २० किलो वजनाच्या आणि सुमारे एक मीटर उंचीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. चार वर्षांची मुलगी ही उंची ओलांडून गेलेली असू शकते. शिवाय तो आसनाच्या पाठीभोवती गुंडाळावा लागतो. जिथे मागच्या बाकाची पाठ अखंड आहे किंवा खीळ नसल्याने पुढे दुमडते, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

दोन्ही मुले मागे आणि तुम्ही दोघे पुढे, ही चौघांची मांडणी झाली. तिच्यात एक उणीव आहे, ती म्हणजे बाळ रडले, ओकले किंवा त्याच्या घशात काही अडकले तर तुम्हाला वळून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागेल. म्हणून माझे मत असे की पहिली एक-दोन उड्डाणे एका वेळी एकाच मुलाला घेऊन, अर्ध्या तासाची करावीत आणि तुम्ही मागे त्याच्या शेजारी बसावे. दुसरे मूल आजीजवळ घरी राहील. मुलांना त्या आवाजाची आणि हिसक्यांची सवय झाली की मग चौघे निघा. या मांडणीचा एक मोठा फायदाही आहे. १७२ ला दोन्ही बाजूंना एकेक दार असते आणि मागच्यांना पुढचे आसन सरकवूनच बाहेर पडावे लागते. तुम्ही दोघे आपापल्या दाराने उतरलात की आपल्या मागच्या मुलापर्यंत आपापल्या बाजूने पोहोचता. यजमान मुलीला काढतील, तुम्ही बाळाला काढाल, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असू द्या. बाळाला सीटसकट बाहेर ओढण्याच्या भानगडीत पडू नका; हार्नेस सोडा आणि बाळ तेवढे उचला. हँगरमध्ये इंजिन बंद असताना हे दोनचार वेळा करून पाहा, एकदा डोळे मिटूनही करा. पुढे कधी दुसरे विमान घेतलेत तर हा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. पायपर चेरोकीला सगळ्यांसाठी उजवीकडे एकच दार असते.

वजनाचा तक्ता करताना मुलांच्या वजनात सीटचे वजन मिळवायला विसरू नये, असे यजमानांना सांगा. हलकी सीट पाच किलोच्या आसपास असते, भारी सीट बारा-तेरा किलोंपर्यंत जाते, आणि दोन्ही मागच्या बाकावर असल्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी विमान आधीच जड चढते.

प्रवासात सगळ्यांत अवघड वेळ येते ती उतरताना. बाळाच्या कानांना दडे बसतात, ते रडू लागते, आणि आईचा हात आपोआप हार्नेसकडे जातो. नेमका तोच काळ त्याने बांधलेले असण्याचा आहे. त्याला सीटमध्येच पाण्याची बाटली किंवा चोखणी द्या, आणि यजमानांना मिनिटाला ५०० फुटांपेक्षा वेगाने खाली न उतरण्याची विनंती करा. लवकर उतरायला सुरुवात केली की हे सहज जमते. अंगावर पाजायचे असेल तर ते विमान स्थिर उडत असताना, तुम्ही मागे बसलेल्या असाल तेव्हाच, आणि हवा शांत असेल तरच करा. लहान विमानाला दुपारच्या तापल्या हवेत न सांगता हिसके बसतात, म्हणून मुलांबरोबरचे उड्डाण सकाळी लवकर ठेवा. दोन्ही मुलांच्या कानांना आवाजरोधक लावा, पण बाळासाठी मऊ पट्टीचे घ्या. कडक कमान डोक्यामागे आली तर मान पुढे ढकलली जाते. थंडीत जाड जाकीट घालून त्यावर हार्नेस लावू नका. जाकीट दबले की हार्नेस ढिला पडतो. आधी हार्नेस, मग वरून पांघरूण. उन्हात उभ्या विमानात बकलाचे धातू चटका बसेल इतके तापते, ते मुलाला बसवण्याआधी हाताने पाहा. टॅब्लेट, पाण्याच्या जड बाटल्या, कडक खेळणी मागे सुटी ठेवू नका, आणि मुलगी स्वतःचे बकल उघडू शकते का, हे घरीच तपासा. उघडू शकत असेल तर तिच्याशी आधीच स्पष्ट बोला. चार वर्षांची मुले, बाबा विमानाचे कॅप्टन आहेत आणि कॅप्टनने सांगितल्याशिवाय पट्टा सुटत नाही, हे फार अभिमानाने पाळतात.

राहिल्या सासूबाई. त्या पुण्याहून एवढ्या लांब आल्या आहेत आणि त्यांना मागे ठेवून जाणे तुमच्या जिवावर येईल, हे मी जाणतो. मार्ग आहेत. सेसना २०६ किंवा पायपर चेरोकी सिक्ससारखे सहा आसनांचे विमान भाड्याने मिळत असेल, तर तुम्ही पाचही जण आपापल्या आसनावर बसाल. मात्र या विमानांची इंजिने २०० अश्वशक्तीपेक्षा मोठी असल्याने यजमानांच्या लॉगबुकात प्रशिक्षकाची त्यासाठीची वेगळी नोंद हवी, आणि त्या विमानाचा पुरेसा सराव झाल्याशिवाय कुटुंबाला घेऊन जाऊ नये. त्यांपैकी काही विमानांत मधली आसने मागे तोंड करून बसवलेली असतात. नियमानुसार मुलांची सीट पुढे तोंड असलेल्या आसनावरच बांधावी लागते, तेवढे पाहून घ्या. हे जमणार नसेल तर समुद्रकिनाऱ्याला सर्वांनी मोटारीने जा, जिथे दोन्ही मुलांच्या सीट आधीपासून बांधलेल्या आहेत, आणि सासूबाईंना यजमानांनी दुसऱ्या एखाद्या सकाळी पुढच्या आसनावर बसवून तासाभराची सैर घडवावी. त्यांना आपल्या लेकाच्या शेजारी बसून खाली नदी, शेते आणि आपले घर पाहता येईल.

यजमानांशी बोलताना मांडीचा वाद पुढे ठेवू नका. विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून प्रत्येकाचा पट्टा लागला आहे याची जबाबदारी त्यांचीच आहे आणि ते ती गांभीर्याने घेत असतील, असे धरून चला. त्यांना एवढेच सांगा की येत्या शनिवारी दोन्ही सीट घेऊन हँगरवर जायचे आहे. मागच्या बाकावर त्या शेजारी शेजारी बांधून झाल्या की पाचवा माणूस कुठे बसणार, हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.